प्लॅस्टिकमधली पावती

माझ्या वडिलांना, आम्ही त्यांना दादा म्हणतो, उघडा कागद बघवत नाही. परभणी जिल्ह्यातल्या एका तहसील कचेरीत त्यांनी अख्खी नोकरी काढली. लोक घरच्या ट्रंकांतून कागद घेऊन यायचे. वाळवीनं खाल्लेले सातबारे, भिजून एकमेकांना चिकटलेली खरेदीखतं, उंदरानं नेमका सहीचाच कोपरा नेलेले दाखले. हे सगळं वर्षानुवर्षं बघून त्यांच्या मनानं घेतलं की माणसाचं निम्मं दुःख कागद न जपल्यानं होतं. पुढं गावात लॅमिनेशनचं मशीन आलं आणि दादांना आयुष्यात काही मागायचं राहिलं नाही.

तेव्हापासून आमच्या घरात प्लॅस्टिकबाहेर एकही कागद नाही. माझी दहावीची मार्कलिस्ट, जातीचा दाखला, लग्नाची पत्रिका, गॅसचं कार्ड, सगळं टणक आणि चकचकीत. नोकरीच्या वेळी मार्कलिस्टवर शिक्का उमटेना म्हणून मी रडकुंडीला आले होते. दादा शांतपणे म्हणाले होते, "शिक्का कवाबी मारता येतो. कागद गेला तर येत नाय." डॉक्टरांची चिठ्ठीसुद्धा ते लॅमिनेट करत. डोस बदलला की नवी चिठ्ठी आणि नवं प्लॅस्टिक.

आई गेली आणि दादा परभणीत एकटे राहिले. मी इथं संभाजीनगरात, गारखेड्यात राहते, शाळेत शिकवते. दोन वर्षं मी त्यांच्या मागं लागले होते की माझ्याकडं या. लेकीच्या घरी कसं राहू, हे होतंच, पण खरी अडचण वेगळी होती. एकदा फोनवर ती बाहेर पडली. "जावयाला रोज म्हणायचं, मला इथं सोडा, मला तिथनं आणा. आपल्याच्यानं नाय व्हायचं ते." शेवटी या हिवाळ्यात ते तयार झाले, पण एका अटीवर. त्यांच्यासोबत स्कूटर येणार. लेकीच्या घरी राहतील, पण जातील-येतील स्वतःच्या गाडीवर.

ही स्कूटर मी तिसरीत असताना घरात आली. डाव्या मुठीत गिअर, पायानं किक, आणि किक मारायच्या आधी तिला एका अंगावर वाकवून पेट्रोल पाजावं लागतं. पुढच्या बाजूला निळ्या चक्राचं स्टिकर, तेही आता आकाशी झालंय. दादांनी मला सायकल शिकवली, विहिरीत ढकलून पोहायला शिकवलं, आठवीत असताना अर्ज लिहायला शिकवलं. स्कूटरच्या हँडलला मात्र कधी हात लावू दिला नाही. मीच काय, कुणीच तिच्यावर पुढं बसलेलं मला आठवत नाही.

मला ती गाडी इथं नको होती. दिवाळीत शेजाऱ्यांचा फोन आला होता की दादा भाजीच्या गाड्यावर धडकले. विचारलं तर म्हणाले, गाडाच आडवा आला. पुढं महिन्यानं एक म्हैस आडवी आली. ती तर उभीच होती असं शेजारी म्हणाले. डोळे दाखवू या म्हटलं की उत्तर ठरलेलं, मला सगळं दिसतं. मी आणि नवऱ्यानं बेत केला की आधी दादांना आणायचं, गाडीचं नंतर बघू म्हणायचं आणि ते नंतर कधी येऊ द्यायचं नाही. पण सरकारी कारकुनापुढं 'नंतर बघू'चा डाव चालत नसतो. तो डाव ते स्वतः आयुष्यभर लोकांवर खेळलेले. त्यांनी निरोप दिला, "आधी गाडी जाईल, तिच्या मागनं मी."

तर स्कूटर रेल्वेच्या पार्सल डब्यातून आली आणि दादा दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आले. मी शाळेत रजा टाकून स्टेशनवर गेले. स्टेशनाचं काम चाललंय, त्यामुळं गेल्या महिन्यात जिथून आत गेलो तिथं आता पत्रे असतात आणि पत्र्यांवर बाण. बाण दाखवेल तिकडं गेलं की पुढं दुसरे पत्रे. दादा डब्यातून उतरले, एक पिशवी, हातात हेल्मेट. कशी आहेस, जेवलीस का, काही नाही. पहिलं वाक्य, "गाडी उतरली का बघितलं?"

पार्सलच्या शेडमध्ये कपड्यांचे गठ्ठे, मोसंबीच्या पाट्या आणि दोन मोटारसायकली यांच्यामध्ये ती उभी होती. दादांनी बांधाबांध दुसऱ्या कुणाला करू दिली नव्हती. अंगभर गोणपाट, हँडलला जुनी चादर, आरशाला स्वतःचा पायमोजा. पुढं पुठ्ठ्यावर गावाचं नाव. एका पुठ्ठ्यात 'छत्रपती संभाजीनगर' मावेना आणि नाव तोडणं दादांना मंजूर नाही, म्हणून शेजारी दुसरा पुठ्ठा शिवलेला. तिथल्या म्हाताऱ्या हमालानं गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "अब्बा, गाडी भेजे के दुल्हन?"

"दुल्हनच हाय. इथल्याच वाळूजच्या कारखान्यात बनली ती," दादा म्हणाले. "माहेरी आली."

मला हसू आलं आणि थोडं टोचलंही. स्कूटर माहेरी येऊ शकते, यांना मात्र लेकीकडं यायला दोन वर्षं लागली.

खिडकीत एक तरुण मॅडम होत्या, बोलायला गोड आणि नियमाला पक्क्या. "काका, पावती द्या."

दादांनी शर्टाचं वरचं बटण काढलं, आतल्या बंडीच्या खिशात हात घातला आणि पावती खिडकीत सरकवली. ती काउंटरवर टक्कन वाजली. मी डोळे मिटले. परभणीत गाडी चढवून दादा स्टेशनाबाहेर आले असणार, समोर झेरॉक्सचं दुकान दिसलं असणार, पुढचं सांगायला नको. कोपरे गोल कापून घेतले होते.

मॅडमनी पावती उलटी केली, सुलटी केली. "काका, हे काय केलं?"

"जपली," दादा म्हणाले.

"अहो पण मूळ पावतीच्या मागं तुमची सही लागती. सही घ्यायची, पावती जमा करायची, मगच गाडी सोडायची. ह्याच्यावर सही कशी करणार तुम्ही?"

दादांनी पेन काढलं. पेन प्लॅस्टिकवरून घसरलं. मॅडमनी आतून जाड मार्कर आणला. दादांनी झोकात सही केली आणि मॅडमनी अंगठा फिरवून ती सही त्यांच्यादेखत पुसून दाखवली. "असं होतं बघा. नाय चालणार."

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? ज्या गाडीला अडवायला आम्ही नवरा-बायको महिनाभर डोकं खाजवत होतो, तिला दादांनी स्वतःच कुलूप घालून आणलं होतं. कुणाला वाईट बोलायला नको, कुणाचं मन मोडायला नको. मी चेहरा होईल तितका पाडला आणि म्हणाले, "जाऊ द्या दादा, नियमच आहे. आपण रिक्षानं घरी जाऊ, गाडीचं नंतर बघू."

दादांनी माझ्याकडं बघितलं. मग विचारलं, "परभणीची परतीची गाडी किती वाजता हाय?"

रागानं नाही. वेळ विचारावी तसं. पिशवी अजून त्यांच्या खांद्यालाच होती, ती खाली ठेवली नव्हती हे मला तेव्हा दिसलं. गाडी नाही तर ते राहणार नव्हते. त्या रिकाम्या घरात परत जाऊन एकट्याचा भात लावणार होते, आणि या वेळी गेले तर पुन्हा कधी यायचे नाहीत. माझा आनंद तिथल्या तिथं विरला. स्कूटर सुटली तर दादा जालना रोडवर म्हशी शोधत फिरणार, न सुटली तर दादाच जाणार. यातलं दुसरं मला सोसणार नव्हतं. अर्ध्या मिनिटापूर्वी जी गाडी अडली म्हणून खूश होते, तीच सोडवायला मी पदर खोचला.

आधी प्लॅस्टिक काढायचं ठरलं. स्टेशनाबाहेरच्या झेरॉक्सवाल्यानं पावती बघून मान हलवली. "ताई, घालायचं मशीन हाय, काढायचं निघालंच नाय." मग फलाटावरच्या चहाच्या स्टॉलवर गेलो. चहावाल्याला सगळं सांगितलं, त्यानं बिचाऱ्यानं किटलीचं झाकण उघडून दिलं. मी सांडशीत पावती धरून वाफेवर नेली. दादा शेजारी उभे, ऑपरेशनच्या खोलीबाहेर नातेवाईक उभा राहतो तसे. "बाई, हळू. कागद हाय त्यो." एक कोपरा सुटला, पण येताना शिक्क्याची कड घेऊन आला. दादांनी माझ्या हातातून पावती हिसकून घेतली आणि फुंकर मारून बंडीत ठेवली. चहावाला म्हणाला, आता निदान चहा तरी घ्या. तो घेतला.

पुन्हा खिडकीत गेलो. आता मी शिक्षिकेचा आवाज काढला, मग लेकीचा काढला, मग नुसतीच उभी राहिले. मॅडमना दया आली असावी. त्या म्हणाल्या, "असं करा, एक अर्ज द्या. का केलं, कसं केलं, सगळं लिहा. साहेबांची मंजुरी मिळाली तर सोडते मी. पण लवकर, साहेब जेवायला जायच्या आत."

अर्ज हा शब्द ऐकला आणि दादांची पाठ सरळ झाली. पिशवी त्यांनी पहिल्यांदा खाली ठेवली. मॅडमकडून फुलस्केप कागद मागून घेतला, डावीकडं समासाची घडी घातली, बाकावर बसले, मांडीवर हेल्मेट, हेल्मेटवर माझी पर्स, पर्सवर कागद. तालुक्यातले वकील ज्यांच्याकडून मसुदा तपासून घ्यायचे त्या माणसाला पार्सलच्या खिडकीनं अर्ज मागावा, यात त्यांना स्कूटरचाही विसर पडला. त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि लिहायला लागले.

'प्रति' ठीक आलं. 'विषय' खाली उतरत गेलं. पुढची ओळ तिच्यावर चढली. तिसरी ओळ कागद संपला तरी थांबली नाही, माझ्या पर्सवर गेली. मला आधी वाटलं हेल्मेट डुगडुगतंय. मग दिसलं की त्यांनी 'विषय' हा शब्द दोनदा लिहिलाय, एकावर एक, आणि ते त्यांना माहीत नाही.

पेन थांबलं. दादांनी मान वर केली नाही. "उजेड कमी हाय इथं," ते म्हणाले.

बाराचं ऊन त्या कागदावर सरळ पडलं होतं.

भाजीचा गाडा, म्हैस, लॅमिनेट केलेली औषधाची चिठ्ठी मला वाचायला लावणं, फोनवर 'तूच नंबर सांग' म्हणणं, सगळं माझ्यापुढं एका ओळीत येऊन उभं राहिलं. त्यांचा राग आला आणि माझा त्याहून जास्त आला. पोरांच्या वहीतली एक वेलांटी चुकली तर मला लांबून दिसते, आणि घरचं माणूस महिनोन् महिने चाचपडतंय ते दिसलं नव्हतं.

"व्हय दादा, उजेड कमीच आहे," मी म्हणाले. "तुम्ही सांगा, मी लिहिते."

त्यांनी कागद माझ्याकडं सरकवला आणि डोळे मिटून सांगायला सुरुवात केली. डोळे मिटल्यावर ते पुन्हा कचेरीतल्या खुर्चीत होते. "विषय. लॅमिनेशन केलेल्या मूळ पावतीवर वाहन ताब्यात मिळणेबाबत. लिहिलं? आता संदर्भ."

"दादा, संदर्भ कशाला? साहेब जेवायला जातील."

"संदर्भ नसलेला अर्ज कुणी वाचत नाय. लिही. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंतीपूर्वक सादर करण्यात येते की, स्वल्पविराम, अर्जदाराने सदर पावती कोणताही गैरहेतू न ठेवता, स्वल्पविराम, केवळ शासकीय कागदाच्या जपणुकीच्या भावनेने..."

हमाल बिडी विझवून शेजारी येऊन बसला. मोसंबीवाल्याचा माणूस उभा राहिला. "अब्बा, कोरट में बी ऐसा नै लिखते," हमाल म्हणाला. दादांनी मिटल्या डोळ्यांनी त्याच्यासाठी एक वाक्य वाढवलं. अर्ज दीड पान झाला. मी पर्यायी शब्द सुचवायला गेले तर मला गप्प केलं. आठवीत असताना केलं होतं तसंच.

शेवटी सही. मी कागदावर जागेशी बोट ठेवलं, त्यांनी माझ्या बोटाला लागून पेन टेकवलं. सही मात्र एका रेषेत आली. ती हाताला पाठ होती.

मग सहपत्रं. ओळखीचा पुरावा म्हणून दादांनी पाकीट काढलं आणि एकेक वस्तू काउंटरवर ठेवत गेले. आधार, गाडीचं रजिस्ट्रेशन, पेन्शनचं कार्ड, रक्तगट, सगळं प्लॅस्टिकमध्ये. पत्त्यांचा डाव मांडल्यासारखं दिसायला लागलं. मॅडमनी शेवटचा उचलला आणि वाचला. "शेंगदाणे अर्धा किलो, खोबरं, मोठं मीठ, ह्यांच्या गोळ्या... काका, हे पण जोडायचं?"

"ते नाय," दादा म्हणाले. "ते आमच्या घरचं हाय."

अक्षर आईचं होतं. दवाखान्यात जायच्या आधीची किराणा यादी असणार. ती त्यांच्या पाकिटात आहे हे मला माहीत नव्हतं. मॅडमनी दोन्ही हातांनी ती परत दिली आणि त्यानंतर काही न विचारता अर्ज घेऊन आत गेल्या.

आम्ही बाकावर बसलो. बऱ्याच वेळानं साहेबच बाहेर आले, हातात आमचा दीड पानाचा अर्ज.

"हा कुणी लिहिला?"

"मजकूर माझा. अक्षर मुलीचं," दादा उभे राहून म्हणाले.

"मी नोकरीत असा अर्ज बघितला नाही," साहेब म्हणाले. "आमच्या नव्या पोरांना दाखवायला ठेवतो." आणि भिंतीलाच कागद लावून त्यांनी मंजुरीची सही केली. पावती अर्जाला जोडताना टाचणी वाकली, स्टेपलच्या तीन पिना वाया गेल्या, पण मॅडमनी हार मानली नाही. दादांनी त्यातही पोच मागितली. अर्ज दिला की पोच घेतल्याशिवाय ते जगात कुठूनही हलत नाहीत. शिक्क्याची पोच मिळाली, त्यांची नजर रस्त्यापलीकडच्या झेरॉक्सच्या दुकानाकडं वळली आणि मी ती पोच पर्समध्ये टाकून चेन ओढली.

हमालानं गोणपाट सोडलं. पार्सलनं बाहेरगावी जाणाऱ्या गाड्यांचं पेट्रोल इथं काढून घेतात, त्यातलंच थोडं त्यानं पाण्याच्या बाटलीतून आमच्या टाकीत ओतलं. दादांनी पायमोजा खिशात घातला, गाडी एका अंगावर वाकवली, सरळ केली, किक मारली. पाचव्या किकला ती बोलली. शेडभर निळा धूर झाला. मोसंबीवाला खोकत लांब गेला. दादा हेल्मेट घालून वर बसले. आता बोलायचं की नंतर, असं मला झालं. घरी गेल्यावर, चहा झाल्यावर, नवऱ्यादेखत?

गाडी चालू होती, पण दादा तिला स्टँडवरून काढत नव्हते. दोन्ही हात मुठींवर आणि नजर समोर फाटकाकडं, जिथं रिक्षा, बस आणि माणसं एकमेकांत घुसत होती.

"बाई, इकडं ये," ते म्हणाले.

मी जवळ गेले.

"मला इथले रस्ते माहीत नायत." मुठींवरचे हात त्यांनी काढून घेतले. "आन् खरं सांगू का, दिसत बी नाय आता नीट."

ते उतरले, हेल्मेट काढलं आणि माझ्या डोक्यात घातलं. पट्टा त्यांनीच चाचपून लावला, शाळेत पाठवताना बटण लावायचे तसा.

"दादा, मला गिअरची येत नाही."

"मी सांगतो की."

फाटकापर्यंत मी ती दोनदा बंद पाडली. हमाल लांबून ओरडला, "धीरे, बेटी." मागून दादांचं सुरू झालं. क्लच दाब. पहिला टाक. आता हळू सोड, हळू, ती म्हैस नाय ढकलायची. दुसरा. कान दे, इंजिन सांगतंय तुला, तिसरा टाक. माझं डावं मनगट पिळवटून निघालं. वीस वर्षं गिअर नसलेल्या गाडीवर या शहरात मिरवणारी मी, घामानं भिजले. दादांचा एक हात माझ्या खांद्यावर होता. त्यांच्यामागं मी बसायचे तेव्हा माझा असायचा तसा.

उस्मानपुऱ्याच्या चौकात त्यांनी माझा खांदा दाबला. मग साहेबी आवाजात विचारलं, "सिग्नल कोणता हाय?"

"लाल."

"मग थांब."

मी थांबले.

"हिरवा झाला, दादा."

"मग निघ."

पुढच्या प्रत्येक चौकात मी रंग सांगत गेले आणि ते हुकूम देत गेले. घरी पोचेपर्यंत एकही सिग्नल आमचा चुकला नाही.

नवरा फाटकातच उभा होता, फोन करून करून दमलेला. धूर आधी पोचला, मागून आम्ही. दादा खाली उतरले, शर्ट नीट केला, पिशवी खांद्याला घेतली.

"मामा, इतका उशीर? मी आलो असतो की घ्यायला," तो म्हणाला. "कसे आलात?"

"माझ्या गाडीवर," दादा म्हणाले आणि आत गेले.

नवऱ्यानं माझ्या डोक्यावरच्या हेल्मेटकडं बघितलं. मी मनगट चोळत होते.

"दादांनी आणलं मला," मी म्हणाले.